विनोदी नटाला गंभीर भूमिका मिळाली तर? बूरव्हिलच्या निमित्ताने एक लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आठ वर्षं हौशी रंगभूमीवर विनोदी कामं करताय. एका फिल्म क्लबमध्ये 'ला ग्राँद व्हाद्रुई' पाहिलात आणि पोट धरून हसलात. दोन महिन्यांनी 'ल सेर्कल रूज' पाहिलात. त्यातला तो थकलेला, एकटा पोलीस अधिकारी म्हणजे आधीच्या सिनेमातला रंगारीच, हे श्रेयनामावली पुन्हा पाहीपर्यंत तुमच्या लक्षातही आलं नाही. आता राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात तुम्हाला एका फौजदाराची गंभीर भूमिका मिळाली आहे. एंट्रीलाच लोक हसतील, या भीतीनं तुमची झोप उडाली आहे. तुम्ही विचारलंय: या दोन्ही सिनेमांत काम करणाऱ्या बूरव्हिल या फ्रेंच नटानं हा बदल कसा केला, आणि आपण विनोदी कामं बंद करावीत का?

मी गेली सव्वीस वर्षं नाटकं बसवते आणि अभिनयाची शिबिरं घेते. फ्रेंच शिकले ती सिनेमासाठीच, आणि बूरव्हिल हा माझा फार जिव्हाळ्याचा नट आहे. म्हणून उत्तर लांबणार. घाई असेल तर शेवटचे काही परिच्छेद आधी वाचा, पण मधलं सोडू नका.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. एक प्रश्न लोकांचा आहे: ते मला गंभीर मानतील का? दुसरा तुमचा स्वतःचा: हशा काढून घेतला तर माझ्याकडे काही उरतं का? तुम्ही पहिल्याची काळजी करताय. बूरव्हिलनं आयुष्यभर दुसऱ्यावर काम केलं, आणि त्यामुळे पहिला बराचसा आपोआप सुटत गेला. त्याच्या कामाची वाटचाल नीट पाहिली की हे दिसतं.

पहिली गोष्ट, त्यानं 'बदल' असा केलाच नाही. विनोद सोडला आणि मग गंभीर झाला, असं त्याच्या आयुष्यात एकही वर्ष सापडत नाही. १९७० हे त्याचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी दिग्दर्शक मेलव्हिलच्या 'ल सेर्कल रूज'मधला तो पोलीस अधिकारी त्यानं केला, आणि त्याच वर्षी जाक्लीन माय्याँ या विनोदी अभिनेत्रीबरोबर, त्या काळी गाजत असलेल्या एका शृंगारिक गाण्याचं विडंबन ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा तो अस्थिमज्जेच्या कर्करोगानं खंगत चालला होता. म्हणजे मरण दिसत असतानाही त्यानं हसवणं खाली ठेवलं नाही. विनोदी कामं बंद करावीत का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आलं.

आता सुरुवातीपासून. त्याचं खरं नाव आंद्रे रॅंबूर. जन्म २७ जुलै १९१७, नॉर्मंडीतल्या प्रेतो-व्हिकमार या खेड्यात. लहानपण शेतकरी घरात, बूरव्हिल नावाच्या गावी गेलं. पोरवयात बेकरीत उमेदवारी केली, मग लष्करात गेला आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवला. अकॉर्डियनही वाजवायचा. त्या काळी फेर्नांदेल हा फ्रान्सचा लाडका विनोदी गायक-नट होता आणि आंद्रेला त्यानं झपाटलं होतं. इतकं, की त्यानं स्वतःला रंगमंचावर 'आंद्रेल' असं नाव घेतलं आणि फेर्नांदेलच्या धाटणीनं गाऊ लागला. त्यातून काही उभं राहिलं नाही. ते नाव टाकून त्यानं आपल्या गावाचं नाव घेतलं. त्याचा चुलतभाऊ ल्युसियाँ रॅंबूर हाही नट होता, त्यामुळे आडनावानं घोटाळा झाला असता. (हा चुलतभाऊ लहान माणूस नव्हे. १९५३ साली पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यातला व्लादिमीर त्यानं केला. एका शेतकरी घराण्यातून हे दोघे निघाले, याचं मला अजून नवल वाटतं.)

गावाचं नाव घेताना त्यानं गावही बरोबर घेतलं, हे महत्त्वाचं. कपाळावर चापून बसवलेले केस, आखूड झालेलं जाकीट, वर चढलेली पँट, आणि शहरात पहिल्यांदाच आलेल्या पोराचं लाजरं हसू. १९४५च्या सुमारास त्याचं पेन्सिली विकणाऱ्या मुलीवरचं एक गाणं लोकप्रिय झालं. शब्द त्याचे, चाल लष्करात भेटलेल्या अकॉर्डियनवाल्या मित्राची, एतिएन लोराँची. ते मिळालं तर जरूर ऐका आणि त्याच्या आवाजाकडे लक्ष द्या. त्या आवाजाला आपण काही गमतीचं सांगतोय याचा पत्ताच नसतो. त्या मुलीचं त्याला खरंच वाईट वाटत असतं. हशा येतो तो ऐकणाऱ्याकडून, गाणाऱ्याकडून नव्हे.

नंतरचा त्याचा एक प्रसिद्ध एकपात्री प्रवेश आहे. दारूबंदीचा प्रचारक व्यासपीठावर येऊन लोहयुक्त पाण्याचे गुण सांगतो, आणि स्वतःच झिंगलेला असतो. शिबिरात मी तो हटकून दाखवते. नवखा नट दारुडा करताना झोकांड्या देतो. बूरव्हिल सारी ताकद लावून सरळ उभं राहायचा प्रयत्न करतो, 'फेर्युजिनोज' (लोहयुक्त) हा अवघड शब्द नीट उच्चारण्यासाठी जीव तोडतो. त्या माणसाला आपली अब्रू वाचवायची आहे. हसून झाल्यावर थोडं पोटात तुटतं, ते त्यामुळेच.

आता १९५६ सालचा क्लोद ओताँ-लाराचा 'ला त्राव्हेर्से द पारी'. हा त्याच्या वाटचालीतला सांधा. दुसऱ्या महायुद्धातलं, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, काळाबाजार जोरात. मार्तँ हा बेकार टॅक्सीवाला. एका कापलेल्या डुकराचं मांस चार सूटकेसांत भरून रात्रीतून पॅरिसच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, मोंमार्त्रला, पोहोचवायचं काम त्यानं घेतलंय. सोबतीचा माणूस ऐनवेळी नाही, म्हणून तो एका अनोळखी माणसाला बरोबर घेतो. तो निघतो नावाजलेला चित्रकार, गंमत म्हणून आलेला. ते काम जाँ गाबाँनं केलं. मूळ कथा मार्सेल एमेची, आणि एमेला बूरव्हिल या भूमिकेत नको होता. ऑपेरेतांमध्ये, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांत, गाऊन हसवणारा हा माणूस माझा मार्तँ कसा होईल, ही त्याची शंका. दिग्दर्शक हटला नाही. त्या वर्षीच्या व्हेनिस महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा व्होल्पी करंडक बूरव्हिलला मिळाला. चित्रपट पाहिल्यावर एमेनंही आपलं मत बदललं.

तुमच्या कामाचं इथं बरंच काही आहे, म्हणून थांबते. मार्तँ हा कुणी नवा माणूस नाही. तो पेन्सिलीचं गाणं गाणाराच आहे: भोळा, सांगितलेलं प्रामाणिकपणे करणारा, उशिरा समजणारा, चारचौघांत मान राखू बघणारा. सुरुवातीला एका किराणा दुकानदाराच्या तळघरात डुक्कर मारतात, तेव्हा त्याचं ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मार्तँ अकॉर्डियन वाजवतो. तेच वाद्य, ज्यावर लोक वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर डोलले होते. तिथं हसू येतं. पण पुढं गाबाँचा चित्रकार त्याच किराणा दुकानदाराला धमकावून जास्तीचे पैसे उकळतो, तेव्हा मार्तँ कासावीस होतो. तो काळाबाजार करतो, पण त्याला ठरलेल्या मजुरीचा शब्द आहे. ज्या भोळेपणावर आपण हसत होतो, त्याच भोळेपणाला कुणीतरी पायदळी तुडवतंय, हे आपल्याला दिसतं. शेवटी दोघं पकडले जातात. चित्रकाराला जर्मन अधिकारी नावावरून ओळखतो आणि तो सुटतो. मार्तँ ट्रकमधून नेला जातो. युद्धानंतर दोघांची गाठ रेल्वे स्टेशनावर पडते, तेव्हा मार्तँ हमाल झालेला असतो. अजूनही दुसऱ्यांच्याच बॅगा वाहतोय.

त्यानं यात काय बदललं ते शोधायला मी हा चित्रपट कितीदा पाहिला असेल. माझं निरीक्षण असं: आवाज थोडा खाली आणला, डोळ्यांतला 'बघा हं' काढून टाकला, आणि वाक्य संपल्यावर हशासाठी जी जागा सोडायची सवय असते ती बंद केली. बाकी सगळं तेच ठेवलं. दया यावी म्हणूनही काही केलं नाही, आणि हे मला फार मोठं वाटतं. विनोदी नट गंभीर व्हायला गेला की बहुतेक वेळा हशाची भीक सोडतो आणि अश्रूंची मागायला लागतो.

पुढच्या दोन वर्षांत त्यानं हेच गुण काळ्या बाजूला वळवून पाहिले. १९५८च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये गाबाँ जाँ व्हालजाँ आणि बूरव्हिल तेनार्दिए, म्हणजे तो लबाड, लोचट खाणावळवाला. त्याच वर्षी आंद्रे कायातच्या चित्रपटात एक शाळामास्तर: मुद्दाम रूपानं सामान्य बायको करतो, म्हणजे ती आपल्या मुठीत राहील. शस्त्रक्रियेनंतर ती देखणी होते आणि हा आतून सडत जातो. बायकोच्या भूमिकेत मिशेल मोर्गाँ. या मास्तराचा कोतेपणा बघवत नाही, कारण तो आपल्या ओळखीच्या, साध्या चेहऱ्याच्या माणसाचा कोतेपणा आहे.

आणि याच काळात तो काय करत होता? फळांच्या सॅलडवरचं एक हलकंफुलकं गाणं गात होता. जाँ मारेच्या तलवारबाज चित्रपटांत त्याचा गमत्या साथीदार होत होता. १९६३ला जाँ-पिएर मोकीच्या चित्रपटात असा एक धार्मिक गृहस्थ केला, जो काम करणं कुळाला शोभत नाही म्हणून चर्चच्या दानपेट्या फोडतो, आणि ही देवाचीच इच्छा असं मनापासून मानतो. त्याच वर्षी 'ला तांद्रेस' हे मायेवरचं गाणं म्हटलं. २०२०च्या टाळेबंदीत फ्रान्समधल्या कलाकारांनी घराघरांतून मिळून ते पुन्हा गायलं. एकीकडे पाय रोवायचा, दुसरीकडे टाकायचा, अशीच त्याची चाल होती.

लुई द फ्युनेस या विनोदी नटाबरोबरच्या जोडीमुळे आज जग त्याला ओळखतं. १९६५चा 'ल कोर्नियो' फ्रान्समध्ये सुमारे १ कोटी १७ लाख तिकिटांचा धनी झाला. १९६६चा 'ला ग्राँद व्हाद्रुई' १ कोटी ७० लाखांच्या वर गेला, आणि फ्रेंच चित्रपटांत तो विक्रम २००८पर्यंत कुणी मोडला नाही. दिग्दर्शक दोन्हींचा एकच, जेरार ऊरी. लोक द फ्युनेसची आदळआपट लक्षात ठेवतात, आणि ती अफाटच आहे. पण तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा नजर बूरव्हिलवर ठेवा. 'ल कोर्नियो'च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये त्याच्या छोट्या २ सीव्ही गाडीला द फ्युनेसची मोठी आलिशान गाडी धडकते आणि गाडीचे अक्षरशः तुकडे पडतात. हातात उरतं ते स्टीअरिंग. तो ओरडत नाही. थोडा थांबतो, तुकडे बघतो, आणि आता ही पूर्वीइतकी नीट चालायची नाही, अशा अर्थाचं काहीतरी समजूतदारपणे बोलतो. त्या थांबण्यात खरं दुःख आहे. सुट्टीवर निघालेल्या एका लहान दुकानदाराची गाडी गेली आहे. तेवढं दुःख खरं नसतं तर तो हशा इतका मोठा आला नसता.

आमच्याकडे तालमीत 'लाफ कोणाचा' यावर भांडणं होतात. या जोडीत द फ्युनेस चेंडू मारतो आणि बूरव्हिल भिंतीसारखा उभा राहून तो परत देतो. असं उभं राहणं म्हणजे ऐकणं. आणि ऐकता येणारा नटच गंभीर प्रवेशात उभा राहू शकतो. जो फक्त आपल्या वाक्याची वाट बघतो त्याला फार्समध्ये वेळ मारून नेता येते, शांत प्रवेशात त्याचं पितळ उघडं पडतं.

१९६५लाच त्यानं रोबेर आँरिकोचा 'ले ग्राँद गल' केला, लिनो व्हेंतुराबरोबर. व्होजच्या डोंगरातली लाकडाची गिरणी, आणि ती चालवायला तुरुंगातून सशर्त सुटलेले कैदी. कुर्‍हाड, चिखल, मारामाऱ्या. एकाच वर्षी 'ल कोर्नियो' आणि हा. फ्रेंच प्रेक्षकांनी दोन्ही पाहिले आणि कुणाचाही गोंधळ झाला नाही, ही गोष्ट तुमच्या भीतीसमोर ठेवते.

आणि आता तुमचा पोलीस अधिकारी. 'ल सेर्कल रूज'च्या आरंभी कमिशनर माते एका कैद्याला मार्सेयहून रात्रीच्या गाडीनं पॅरिसला नेत असतो. कैदी खिडकी फोडून उडी मारतो. आलाँ दलाँ, ईव्ह मोंताँ, ज्यान मारिया व्होलोंते असे तालेवार नट समोर. दरोड्याचा जवळपास २५ मिनिटांचा प्रसंग एका शब्दाशिवाय. अशा चित्रपटात मेलव्हिलनं बूरव्हिलला घेतलं, आणि नामावलीत त्याचं नाव 'आंद्रे बूरव्हिल' असं दिलं. तुमच्या लक्षात आलं नव्हतं, पण ही फार विचारपूर्वक केलेली गोष्ट होती. आंद्रे हे नाव आधी जोडून त्यानं प्रेक्षकाला दारातच सांगितलं की आज हा वेगळ्या कामासाठी आला आहे. तुमच्याकडे जाहिरात आणि माहितीपत्रक असतं, निवेदन असतं. तुमच्या नावाआधी 'विनोदाचा बादशहा' वगैरे लिहू नका म्हणून दिग्दर्शकाला आजच सांगा.

माते घरी येतो तो प्रसंग आठवा. रिकामं घर, तीन मांजरी. तो त्यांच्याशी बोलतो, आंघोळीचं पाणी सोडतो, त्यांना खायला काढतो. पुढं पुन्हा एकदा घरी येतो आणि हेच सगळं याच क्रमानं करतो. तुम्ही विनोदी नट आहात, पुनरावृत्तीचं शस्त्र तुम्हाला ठाऊक आहे: एकच कृती पुन्हा केली की हशा दुप्पट येतो. बूरव्हिल तेच शस्त्र वापरतो, त्याच अचूक लयीत, आणि हशाऐवजी एकटेपणा येतो. हे काम केवळ गंभीर नटाला इतकं स्वच्छ जमलं असतं का, मला शंका आहे. लय त्यानं विनोदात कमावली होती.

दुसरं म्हणजे, लोकांच्या मनातल्या जुन्या बूरव्हिलला मेलव्हिलनं हाकलून दिलं नाही, त्याला कामाला लावलं. माते नाइटक्लबच्या मालकाला वाकवण्यासाठी त्याच्या कोवळ्या मुलाला अडकवतो. हे क्रौर्य दगडी चेहऱ्याच्या नटानं केलं असतं तर आपण खांदे उडवले असते. या मायाळू तोंडाच्या माणसानं ते केलं की अंगावर काटा येतो. आणि शेवटाकडे माते चोरीचा माल घेणारा दलाल बनून सापळा लावतो, म्हणजे सोंग वठवतो. तिथं जुना रंगमंचावरचा माणूस अगदी क्षणभर डोकावतो.

२३ सप्टेंबर १९७० रोजी बूरव्हिल गेला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. 'ल सेर्कल रूज' २० ऑक्टोबरला लागला. ऊरी त्याच्यासाठी आणि द फ्युनेससाठी आणखी एक विनोदी चित्रपट लिहून बसला होता. तो पुढं ईव्ह मोंताँला घेऊन झाला, पण नोकराची ती भूमिका मोंताँच्या अंगानं बदलावी लागली. लिहिलेली होती तशी ती दुसऱ्या कुणाला बसणारी नव्हती.

इथवर मी त्याचं बोलले. आता माझं, कारण तुम्ही त्यासाठीही लिहिलंत.

काही वर्षांपूर्वी मी एका विनोदी नटाला बापाची भूमिका दिली होती. मुलगा आत शस्त्रक्रियेला, हा बाहेर बाकावर. गावोगावी फार्समुळे त्याचं नाव झालेलं. चूक माझी होती: मी त्याला म्हटलं, तुझं नेहमीचं एकही करायचं नाही. हातवारे बंद, चाल बंद, आवाज वेगळा. पहिल्या प्रयोगात तो लाकडासारखा बसला, आणि लोक हसले ते त्या लाकडाला. तो विंगेत येऊन रडला. दुसऱ्या प्रयोगाआधी आम्ही बसलो आणि मी विचारलं, तू घाबरलास की खरोखर काय करतोस? तो म्हणाला, रुमालाची घडी घालतो. ती त्याची फार्समधलीही लकब होती, लोकांच्या ओळखीची. मी म्हटलं, तीच कर, पण कुणाला दाखवू नकोस. पडदा उघडल्यावर पहिली तीन मिनिटं त्याला एकही वाक्य दिलं नाही. तो रुमालाची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. तिसऱ्या रांगेतून हशा आला. त्यानं वर पाहिलं नाही, घडी चालू ठेवली. दुसरा हशा लहान आला. तिसरा आलाच नाही.

म्हणून माझा सल्ला असा. विनोदी कामं बंद करू नका. त्यात तुमची लय, ऐकणं आणि थांबणं घडतं, आणि ते सोडून तुम्ही फौजदाराकडे रिकाम्या हातानं जाल. तुमचा एखादा गाजलेला विनोदी प्रवेश घ्या आणि बंद खोलीत, कुणी नसताना, हशाच्या जागा गाळून करा. त्या माणसाला जे हवंय तेवढंच हवं असू द्या. प्रवेश उभा राहिला तर फौजदारही उभा राहील. कोसळला तर त्या प्रवेशात माणूस नव्हता, नुसत्या जागा होत्या, आणि मग गंभीर नाटकाच्याही आधी तिथं काम करावं लागेल. हे ऐकायला कडू आहे, पण माझ्या अनुभवात हाच खरा निकष ठरला आहे.

एंट्रीला हशा आला तर? येऊ द्या. त्याच्याशी झुंजू नका, आवाज चढवून त्याला दाबू नका, आणि डोळ्यानं त्याला दादही देऊ नका. फौजदार ज्या कामासाठी आत आला आहे ते काम करत राहा. दिग्दर्शकाला विनंती करा की एंट्रीला संवाद नको, काम द्या: नोंदवही शोधणं, ओल्या चपला पुसणं, काहीही. लोकांना जुना माणूस ओळखून हसायला आणि मग नवा माणूस बघायला वेळ लागतो. तो वेळ संवादावर खर्च झाला तर कथेतली महत्त्वाची वाक्यं हशात वाहून जातात.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या लपवत नाही. संहितेत फौजदार मुळातच थोडा हास्यास्पद लिहिला असेल, तर वरचा सल्ला उलटाही पडू शकतो. दिग्दर्शकानं तुम्हाला फक्त तिकीट खपवायला घेतलं असेल, तर तो तालमीत हळूच लकबी परत मागायला लागेल. ते पहिल्या आठवड्यातच ओळखा. बूरव्हिलमागे ओताँ-लारासारखा न हटणारा दिग्दर्शक होता, आणि मार्तँ मिळाला तेव्हा तो चाळिशीला टेकलेला, अनेक वर्षं रंगमंच घासलेला होता. शिवाय सिनेमात कॅमेरा जवळ येतो. आवाज खाली आणण्याचं त्याचं तंत्र मोठ्या नाट्यगृहात जसंच्या तसं चालणार नाही. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचलाच पाहिजे. तिथं तुम्ही आवाज न उतरवता वेग उतरवा.

पाहायचा क्रम विचारलात म्हणून: आधी दारूबंदीचा तो प्रवेश, मग 'ला त्राव्हेर्से द पारी', मग 'ल कोर्नियो'ची पहिली दहा मिनिटं, आणि शेवटी 'ल सेर्कल रूज' पुन्हा. मांजरींचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. कोट केव्हा काढतो, टोपी केव्हा, वाकतो कसा, आणि मांजर खात असताना किती वेळ नुसता उभा राहतो, ते मोजा. मग संहिता उघडा आणि तुमचा फौजदार रात्री घरी जातो तेव्हा तिथं कोण असतं ते शोधा. लिहिलेलं नसेल तर दिग्दर्शकाला विचारा, आणि दोघांचं काय ठरलं ते मला इथंच कळवा.